उष्टी वाळू

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, रोज सकाळी एक मोठा ट्रक वाळू आत यायची आणि संध्याकाळी तेवढीच वाळू बाहेर जायची. शाळेत असल्यापासून मी हे बघत आले. येणारी वाळू सिंधुदुर्गातल्या कासार्डे-फोंडा पट्ट्यातली. पांढरट, कोरडी, मुठीत धरली तर बोटांतून निसटणारी. जाणारी वाळू काळपट, ढेकळांची, जळक्या रेझिनच्या, म्हणजे वाळू बांधणाऱ्या चिकट रसायनाच्या, वासाची. येणाऱ्या वाळूचं चलन असायचं, वजन असायचं, दर ठरलेला असायचा. जाणाऱ्या वाळूची नोंद वॉचमनच्या वहीत एवढीच: ‘टिपर २’.

आम्ही पंपांच्या आणि गिअरबॉक्सच्या बॉडी ओततो. मोठ्या कास्टिंगला नो-बेक पद्धत वापरतात. वाळूत रेझिन आणि हार्डनर मिसळायचं, पॅटर्नभोवती, म्हणजे वस्तूच्या नमुन्याभोवती, ठासायचं, थोड्या वेळात साचा दगडासारखा होतो. त्यात लोखंड ओतायचं आणि थंड झाल्यावर साचा फोडायचा. एक टन कास्टिंगला साधारण चार टन वाळू लागते. आमचं काम रोज पाच टनांचं, म्हणजे वाळू वीस टन. एकदा वापरली की ती टाकाऊ. कोल्हापुरात ऑइल इंजिनाच्या जमान्यापासून ओतकाम चालत आलंय. वाळू कुठं जाते हा प्रश्न आमच्या घरात तरी कुणी विचारला नव्हता.

तो २०१७ साली नोटिशीनं विचारला. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात टाकाऊ वाळूची विल्हेवाट कुठं आणि कशी लावायची, हे स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्ही ते पाळत नव्हतो. सुनावणीला पप्पांच्या ऐवजी मी गेले. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, “रोज वीस टन म्हणता. मग वर्षाचे सहा हजार टन कुठं आहेत?” मला उत्तर देता आलं नाही. मेटलर्जीची पदवी घेऊन कामाला लागून मला तीन वर्षं झाली होती. लोखंडातल्या सिलिकॉनचा टक्का मी दशांशात सांगू शकत होते आणि सहा हजार टनांचा पत्ता मला माहीत नव्हता.

त्या संध्याकाळी मी स्कूटर काढली आणि टिपरच्या मागं गेले. पहिला टिपर एका पडीक खाणीत रिकामा झाला. दुसरा नदीच्या अंगाला वळला आणि उसाच्या रानातल्या पाणंदीत थांबला. पावसाळ्यात त्या पाणंदीत गुडघाभर चिखल होतो, बैलगाडीसुद्धा रुतते, म्हणून शेतकऱ्यांनीच वाळू मागितली होती. ड्रायव्हर म्हणाला, “ताई, फुकट रस्ता हुतोय त्यांचा. दुवा देत्यात.” मीही तेव्हा खाणीपेक्षा ही जागा बरी असंच मानलं. ते चूक होतं, आणि ते कळायला दोन वर्षं गेली.

पप्पांचं म्हणणं होतं की सगळेच टाकतात, आपण दंड भरू आणि पुढच्या वेळी वाळू नीट खड्ड्यात टाकू. माझं म्हणणं होतं की वाळू टाकायचीच नाही. वाळू पुन्हा वापरायची यंत्रणा नवी नव्हती, मोठ्या फाउंड्रींत ती वर्षानुवर्षं होती. साचा फोडल्यावरची ढेकळं थरथरत्या जाळीवर बारीक करायची, कण एकमेकांवर घासून त्यांच्या अंगावरचा जळका रेझिनचा थर काढायचा, हवेच्या झोतानं पीठ वेगळं करायचं, मग वाळू थंड करून परत मिक्सरकडं पाठवायची. शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी भाग परत येतात. अडचण पैशाची होती. आमच्या आकाराच्या कारखान्याला ती मशिनरी म्हणजे दोन वर्षांचा नफा. कर्जाच्या कागदांवर सही करताना पप्पा एकच वाक्य बोलले, “रिजेक्शन वाढलं तर बंद करायची.”

रिजेक्शन वाढलंच.

२०१८ च्या मार्चमध्ये प्लँट सुरू झाला आणि पहिल्या आठवड्यातच पंपाच्या बॉडीत ब्लो होल दिसायला लागले. बाहेरून माल गुळगुळीत, मशीनिंगला गेला की पृष्ठभागाखाली वायूचे बुडबुडे. मोल्डिंगचे मिस्त्री, ज्यांना सगळा कारखाना तात्या म्हणतो, त्यांनी मूठभर वाळू माझ्यासमोर धरली. “उष्टी वाळू हाय ही, ताई. उष्ट्यात नैवेद्य करत न्हाईत.” तात्यांनी तीस वर्षं नव्या वाळूत साचे भरले होते. हाताला वाळू लागली की तिचा कण केवढा आणि ओल किती, हे ते सांगायचे. त्यांचा विरोध आडमुठेपणाचा नव्हता. ओतकाम बिघडलं की त्यांना रात्री झोप लागत नसे.

पुढचे तीन महिने मी सकाळी सात वाजता वाळूचा नमुना घ्यायचे. वजन करायचं, मफल फर्नेसमध्ये जाळायचं, पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढा रेझिनचा अवशेष वाळूत शिल्लक, आणि लोखंडाचा स्पर्श झाला की त्याचाच वायू होतो. आमचा आकडा फार वर होता. कारण शोधता शोधता कळलं की पीठ ओढून घेणाऱ्या डस्ट कलेक्टरच्या पिशव्या कामगार आठवड्यातून एकदाच झाडत होते. झोत मंदावला होता आणि पीठ वाळूतच राहत होतं. पिशव्या रोज झाडायला लागलो, आकडा उतरला. मग एप्रिलचं ऊन आलं. परत येणारी वाळू इतकी गरम असायची की साचा भरून होण्याआधीच रेझिन धरायला लागायचं. वाळूचं काम रात्रपाळीत हलवलं, कूलरला पाणी वाढवलं.

जूनमध्ये रिजेक्शन पूर्वीच्या पातळीवर आलं. ऑगस्टमध्ये त्याखाली गेलं. आणि ज्याची मी अपेक्षा केली नव्हती ते घडलं: रेझिन कमी लागायला लागलं. नव्या वाळूच्या कोऱ्या, खरबरीत कणाला रेझिन जास्त लागतं. घासून घासून गोलसर झालेल्या कणाला ते कमी पुरतं. आमच्या खर्चात रेझिन हा मोठा आकडा. तात्यांनी एके दिवशी वाळू हातात घेतली, बोटांनी चोळली आणि म्हणाले, “आता मुरली.” लोणचं मुरतं तशी. त्यानंतर ‘उष्टी’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही.

त्या डस्ट कलेक्टरबद्दल आणखी थोडं सांगायला हवं. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. सिलिकोसिसला उपचार असा नाहीच. आमच्याकडच्या दोन जुन्या कामगारांचा खोकला मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि फाउंड्रीत असं चालायचंच, असं ऐकतच मोठी झालेय. नवी यंत्रणा बसवताना नॉकआउटवर, म्हणजे साचा फोडायच्या जागेवर, हूड बसवला, धूळ तिथंच ओढून घेतली. पैशाच्या हिशेबात या खर्चाचा परतावा कुठल्याच रकान्यात बसत नाही. तरी पहिल्यांदा काय कराल असं कुणी विचारलं, तर मी तो हूड सांगेन.

त्याच सुमाराला आमच्या मोठ्या ग्राहकानं आयएसओ १४००१ चं, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं, प्रमाणपत्र मागितलं. कागदांचा कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण एक रजिस्टर भरताना मला आमचा कारखाना पहिल्यांदा नीट दिसला. कारखान्यात काय काय येतं आणि काय काय बाहेर पडतं, याची ओळीनं नोंद. वीज: एक टन लोखंड वितळवायला सहाशे युनिटच्या आसपास, आणि धातू भट्टीत नुसता धरून ठेवला तर त्याहून जास्त. पाणी: भट्टीभोवतीच्या विजेच्या कॉइलला थंड ठेवणाऱ्या कूलिंग टॉवरचं रोज वाफ होऊन जाणारं. डिझेल, रेझिन, स्लॅग, कापकामाचा ऑक्सिजन. प्रत्येकापुढं दोन रकाने मी स्वतःहून वाढवले: ‘कुठून येतं’ आणि ‘किती दिवसांचं शिल्लक’. वाळूच्या ओळीत ‘किती दिवसांचं’ या रकान्यात आधी ३ असा आकडा असता. साठा साठ टनांचा आणि रोजची गरज वीस टन. आता नवी वाळू रोज तीनच टन लागत होती. मी २० लिहिलं. त्या वेळी तो आकडा मला नुसता चांगला वाटला होता.

ऑडिटला आलेले गृहस्थ वयस्क होते, स्वतः फाउंड्रीत नोकरी केलेले. मानकात आणीबाणीच्या तयारीचं एक कलम आहे, त्यावर बोलताना ते माझी फाइल मिटून भट्टीपाशी गेले. तिथं भट्टी चालवणाऱ्या मामांना त्यांनी विचारलं, “भट्टी भरलेली आहे, लाइट गेली, जनरेटर चालू झाला नाही. काय कराल?” मामा म्हणाले, “वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा. कॉइलला पाणी मिळालं पायजे.” “आणि धातू?” “हातपंपानं भट्टी कलवायची, खालच्या खड्ड्यात वतायचा.” “खड्डा दाखवा.”

खड्ड्याचं झाकण उघडलं. आत वीतभर पावसाचं पाणी.

जून महिना होता. चौदाशे अंशांचं लोखंड पाण्यावर पडलं तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि सगळं लोखंड फुटून वर उडतं. भट्टीपाशी उभा असलेला माणूस वाचत नाही. त्या खड्ड्याभोवती रोज पाच माणसं काम करत होती. ऑडिटरनी त्याची नोंद केली आणि काही न बोलता चहाला बसले. मी मात्र त्या दिवशी घरी जाऊन जेवू शकले नाही. आठवड्याभरात खड्ड्याला कठडा केला, वर पत्रा घातला, तळाला कोरडी वाळू पसरली. दर पंधरवड्याला लाइट गेल्याचा सराव सुरू झाला. शेडच्या पत्र्याचं पाणी खड्ड्याकडं येत होतं ते पन्हळीनं एका टाकीत वळवलं. एक हजार चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक हजार लिटर पाणी होतं. कोल्हापूरच्या पावसात टाकी भरायला वेळ लागत नाही. हे पाणी कूलिंग टॉवरला उत्तम, क्षार जवळजवळ नाहीत.

हे सगळं २०१९ च्या जूनमधलं. पुढं ऑगस्ट होता.

कोल्हापूरच्या माणसाला पुराची भाषा शिकवावी लागत नाही. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे किती उघडले आणि राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा किती फुटांवर आहे, हे दोन आकडे पावसाळ्यात प्रत्येकाच्या तोंडी असतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. ५ ऑगस्टला रात्री मी शिफ्ट बदलायला थांबले होते. सकाळपर्यंत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि माझ्या आणि घराच्या मध्ये पंचगंगा पसरली. मुलगी सासूबाईंजवळ शहरात होती. सुदैवानं आमची गल्ली उंचावर. शिरोलीची वसाहत नदीच्या उत्तरेला आहे. तिथं पाणी नव्हतं, पण रस्ताही नव्हता. महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद राहिला.

पहिल्या रात्रीच लाइट गेली. भट्टीत पाऊण टन लोखंड होतं. जनरेटर चालू झाला आणि दहाव्या मिनिटाला बंद पडला. मामांनी कुणाला विचारलं नाही. व्हॉल्व्ह उघडला, वरच्या टाकीचं पाणी कॉइलला लागलं, दोन पोरांनी हातपंप मारायला सुरुवात केली. बाहेर पाऊस असा, की शेडमध्ये एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. भट्टी कलली, धातू खड्ड्यात उतरला, कोरड्या वाळूवर लाल चादर पसरावी तसा पसरला आणि हळूहळू काळा पडला. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. मामा भट्टीपाशीच खाली बसले. म्हणाले, “खड्डा कोरडा हुता.” एवढंच.

शेडवरचे सोलर पॅनेल मात्र पहिल्या दिवसापासून निरुपयोगी ठरले. वर्षभरापूर्वी मोठ्या कौतुकानं बसवले होते. ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रीड गेली की स्वतः बंद होतो, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून. हे विक्रेत्यानं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. पर्यावरणासाठी केलेली प्रत्येक गोष्ट संकटात आपोआप कामाला येते असं कुणी सांगितलं तर मला ते पटत नाही. वर्षभर बिल कमी करणारे पॅनेल त्या आठवड्यात एक बल्ब लावू शकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी लाइट आली, पण नळाला पाणी नव्हतं. नदीला महापूर आणि पंपिंग बंद. कोल्हापूर शहरात तर लोक पावसाचं पाणी भांड्यांत धरत होते. आमची पन्हळीची टाकी भरून वाहत होती. त्यातलं पाणी कूलिंग टॉवरला दिलं, उरलेलं शेजारच्या दोन कारखान्यांनी नेलं. शिरोली, नागाव, टोप, हालोंडीकडचे कामगार चालत आले, साधारण निम्मे. शहरातले येऊ शकत नव्हते. डिझेल पंपावर मिळत नव्हतं, जे होतं ते बचावकार्यासाठी राखून ठेवलेलं, आणि ते बरोबरच होतं. आम्ही दिवसाआड भट्टी लावायला सुरुवात केली.

वाळू? घाटात दरडी होत्या आणि नदी आडवी. कासार्ड्याहून वाळूचा ट्रक आमच्यापर्यंत पोचला तो १७ दिवसांनी. त्या सतरा दिवसांत आमचं काम वाळूसाठी एकदाही थांबलं नाही. रजिस्टरातला तो २० आकडा मला तेव्हा समजला. शेजारच्या फाउंड्रीचा साठा दुसऱ्याच दिवशी संपला होता. त्यांना आम्ही दहा टन वाळू उसनी दिली, आमच्याच परतफेऱ्याची. त्यांच्या मिस्त्रींनी आधी नाक मुरडलं. तात्या स्वतः तिथं गेले आणि पहिले चार साचे त्यांच्यासोबत भरून आले.

पाणी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी आमचा माल निघाला. पंप बनवणाऱ्या ग्राहकाला त्या महिन्यात कोल्हापुरातून वेळेवर बॉडी मिळणं फार गरजेचं होतं. पुढच्या वर्षीची ऑर्डर त्यांनी न विचारता वाढवली. पप्पांनी कर्जाच्या हप्त्यांचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि त्यावर हात फिरवला. आमच्या घरात कौतुक असंच होतं.

इथपर्यंतची गोष्ट मी बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. पुढची कमी वेळा सांगितली.

ऑगस्टच्या शेवटी एक शेतकरी काका फाटकावर आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. हातातली प्लॅस्टिकची पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर उपडी केली. काळी वाळू. “तुमचीच हाय न्हवं?” मी वास घेतला. जळक्या रेझिनचा वास दोन वर्षांनीही गेला नव्हता. पाणंदीत टाकलेली वाळू पुरानं उचलली होती आणि त्यांच्या उसात नेऊन पसरली होती. मी त्यांच्यासोबत गेले. आठवडाभर पाण्याखाली राहून ऊस कुजला होता, तसा तो सगळ्यांचाच कुजला होता. पण बाकीच्यांच्या रानात नदीचा गाळ बसला होता आणि यांच्या अर्ध्या एकरात वीतभर काळी वाळू. गाळावर पुढं पीक येतं. ह्याच्यावर काय येणार, असं त्यांनी मला विचारलं. ते आवाज चढवून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. ते नुसते बांधावर उभे होते. “मीच मागितली हुती वाळू,” ते म्हणाले, “तुमच्या ड्रायव्हरला च्या पाजून.”

जबाबदारी त्यांची नव्हती. त्या वाळूत काय आहे हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. आम्ही ट्रॅक्टर लावले, माणसं लावली, हातानं खरवडून वाळू काढली. यंत्र खोल गेलं असतं तर काळी माती निघून गेली असती. नोव्हेंबरपर्यंत काम चाललं. निघालेली वाळू परवानगी असलेल्या विल्हेवाटीच्या जागी पाठवली, प्रत्येक ट्रॉलीचं चलन ठेवून. मातीचे नमुने तपासून घेतले, एका हंगामाची नुकसानभरपाई दिली. पप्पा तिथं स्वतः आले आणि काकांच्या समोर हात जोडून उभे राहिले. त्यांना मी आयुष्यात असं उभं राहिलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून मला एक गोष्ट फार टोचते. पुरात आम्ही तगलो, असं म्हणताना मी फाटकाच्या आतलं बोलत असते. फाटकाच्या बाहेर आमची सहा हजार टनांची वर्षं पडून होती, आणि संकटात ती आमच्यावर न येता दुसऱ्याच्या रानात गेली. त्या वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायच्या पर्यावरण विवरणात मी मार्चअखेर संपलेल्या वर्षाचे आकडे लिहिले. आधीच्या सगळ्या वर्षांसाठी त्या फॉर्ममध्ये जागा नाही. मी वेगळी वही केली: कुठल्या साली, कुठल्या जागी, किती. आठवणींवरून, ड्रायव्हरांना विचारून, डिझेलच्या पावत्यांवरून. ती अजून पूर्ण झालेली नाही.

नंतरची संकटं लवकर सांगते. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली, कारखाना बंद. पुन्हा सुरू करताना निम्मे परप्रांतीय कामगार गावी गेलेले. मोजमापाची सवय होती म्हणून कुठलं काम आधी लावायचं, किती वीज परवडते, हे पटकन ठरवता आलं. २२ एप्रिल २०२१ पासून मोजकी क्षेत्रं सोडून उद्योगांना ऑक्सिजन देणं बंद झालं, तो रुग्णालयांना हवा होता. आमच्याकडं रनर-रायझर, म्हणजे कास्टिंगला चिकटून राहिलेले जादा धातूचे भाग, गॅस-कटिंगनं कापायची पद्धत. असलेले भरलेले सिलिंडर आम्ही त्याच दिवशी सरकारी यंत्रणेच्या ताब्यात दिले. तात्यांनी आणि पॅटर्नवाल्यानं बसून रायझरच्या मानेला खाच दिली, म्हणजे हातोड्याच्या एका घावात तो तुटावा. ही खाच आजही आहे. सिलिंडर पूर्वीपेक्षा निम्म्याहून कमी लागतात. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, पुन्हा महामार्ग बंद झाला. तेव्हा आम्ही तयार होतो. नवा इन्व्हर्टर बॅटरीवर चालणारा होता आणि कॉइलच्या पाण्याचा पंप त्याला जोडलेला होता. त्या पुराबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही, आणि याचं मला समाधान आहे.

हल्ली ग्राहकांकडून लांबलचक तक्ते येतात. शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना, बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्या कंपन्या मग आम्हा पुरवठादारांना आकडे मागतात. वीज किती, तिच्यामागं कार्बन किती, पाणी किती, कचरा किती. विजेचा कार्बन काढायला केंद्रीय विद्युत प्राधिकरण जाहीर करतं तो गुणांक वापरायचा, बाकीचं आमच्या रजिस्टरातून उचलायचं. आमच्या वसाहतीतले तरुण मालक मला फोन करतात, “ताई, ह्यात काय भरायचं?” कुणीतरी सल्लागार त्यांना तयार आकडे विकत असतो. मी सांगते, आधी टिपरच्या मागं जा. मग साठ्याच्या पुढं दिवस लिहा. मग खड्ड्याचं झाकण उघडा. तक्ता नंतर भरता येतो.

या वर्षी आलेल्या तक्त्यात एक प्रश्न होता: ‘आपल्या कामामुळे स्थानिक समुदायावर झालेल्या प्रतिकूल परिणामांचा तपशील.’ बहुतेक जण तिथं ‘नाही’ लिहितात. मी काकांच्या अर्ध्या एकराची नोंद लिहिली, साल आणि ट्रॉल्यांच्या संख्येसकट. ग्राहकाच्या कार्यालयातून फोन आला, की हे काढून टाकलं तर तुमचे गुण वाढतील. मी काढलं नाही. गुण कमी झाले, ऑर्डर तेवढीच राहिली.

काकांच्या रानात आता ऊस उभा आहे, खोडवा. बांधाच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली, अंदाजे दोन ट्रॉल्या वाळू अजून आहे. तेव्हा मुळांत अडकली म्हणून राहिली. तोड झाली की ट्रॅक्टर आत जाईल. मागच्या आठवड्यात काका फाटकाशी थांबले होते, म्हणाले, साखर कारखान्याची तोड डिसेंबरात येईल. मी वहीत तारखेच्या रकान्यात डिसेंबर लिहून ठेवलंय, आणि दोन माणसांची नावं.